विश्लेषण : पदवी सारखीच, मग रेझ्युमे वेगळा कशाने ठरतो?

साचा सीनिअरचा, ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’ इंटरनेटवरचे आणि छंदांच्या रकान्यात ‘वाचन, क्रिकेट, संगीत’. असे रेझ्युमे एकमेकांसारखे दिसतात आणि उमेदवाराने खरोखर केलेले काम कागदावर येतच नाही. निवड करणारा नेमके काय शोधतो, रेझ्युमेत काय असावे आणि काय नसावे, याचा आढावा.

अभियांत्रिकीचे अंतिम वर्ष सुरू झाले, की ‘रेझ्युमे फायनल’ अशा नावाची एक फाइल वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरू लागते. आदल्या वर्षी चांगल्या कंपनीत लागलेल्या एखाद्या सीनिअरची ती असते. नाव, मोबाइल क्रमांक आणि गुण बदलले जातात, बाकी मजकूर तसाच राहतो. एकाच वर्गातून गेलेल्या साठ रेझ्युमेंमध्ये तोच उद्देश, त्याच पाच गुणांची यादी आणि तेच घोषणापत्र दिसते ते त्यामुळेच.

याचा सर्वाधिक फटका बसतो तो तालुक्याच्या ठिकाणी शिकलेल्या मुलामुलींना. नामांकित संस्थेत शिकलेल्या उमेदवाराची ओळख संस्थेचे नावच करून देते. ज्याच्याकडे ते नाव नाही, त्याच्याकडे दाखवण्यासारखे एकच असते, ते म्हणजे स्वतः केलेले काम. उसन्या साच्यात नेमके तेच गळून पडते.

रेझ्युमे, सीव्ही आणि बायोडेटा यांत फरक काय?

‘रेझ्युमे’ हा मूळ फ्रेंच शब्द, अर्थ ‘सारांश’. ‘सीव्ही’ म्हणजे ‘करिक्युलम व्हिटे’, लॅटिन भाषेत आयुष्याचा प्रवास. रेझ्युमे एका विशिष्ट नोकरीसाठी केलेला एक-दोन पानांचा सारांश असतो. सीव्हीमध्ये संशोधन, प्रकाशने, अध्यापन अशी सगळी नोंद येते. त्यामुळे प्राध्यापक, संशोधक किंवा पीएच.डी.साठी अर्ज करणारे सीव्ही पाठवतात आणि तो कितीही पानांचा असू शकतो. भारतातील खासगी कंपन्या मात्र हे दोन्ही शब्द बऱ्याचदा एकाच अर्थाने वापरतात.

बायोडेटा हा आपल्याकडे रुळलेला तिसरा प्रकार. त्यात वडिलांचे नाव, जन्मतारीख, धर्म, जात, उंची, वैवाहिक स्थिती अशी माहिती असते. लग्न जुळवताना ती उपयोगी पडते. खासगी नोकरीत तिचा संबंध नसतो, तरी ती सवयीने रेझ्युमेत उतरते. ‘वरील सर्व माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे’ हे शेवटचे वाक्य, खाली स्थळ, दिनांक आणि सही, हा सरकारी अर्जांचा वारसा आहे. सरकारी भरतीत ठरलेला ऑनलाइन अर्ज असतो. तिथे जात प्रवर्ग, अधिवास, प्रमाणपत्र क्रमांक हे सगळे मागितल्याप्रमाणे भरावेच लागते. खासगी कंपनीने यापैकी काही मागितलेले नसेल, तर रेझ्युमेतील पाच-सहा ओळी त्यावर खर्च करण्यात अर्थ नाही.

रेझ्युमे आधी कोण वाचतो, माणूस की संगणक?

बहुतेक मोठ्या कंपन्यांत दोघेही. नोकरी डॉट कॉमसारख्या संकेतस्थळावर (भारतात ते १९९७ पासून सुरू आहे) किंवा कंपनीच्या स्वतःच्या पोर्टलवर रेझ्युमे चढवला, की आतील सॉफ्टवेअर त्यातील मजकूर उचलते आणि नाव, शिक्षण, कौशल्ये, अनुभव अशा कप्प्यांत टाकते. अशा सॉफ्टवेअरला ‘ॲप्लिकंट ट्रॅकिंग सिस्टीम’, थोडक्यात एटीएस म्हणतात. भरती करणारी व्यक्ती मग त्यात ‘सॉलिडवर्क्स’, ‘पुणे’, ‘डिप्लोमा’ असे शब्द टाकून शोध घेते. ज्या रेझ्युमेत हे शब्द आहेत ते वर येतात.

‘संगणकच ७५ टक्के रेझ्युमे फेकून देतो’ हा समाजमाध्यमांवर फिरणारा आकडा कोणत्याही विश्वासार्ह अभ्यासावर उभा नाही. अर्ज आपोआप बाद होतो तो बहुतेकदा फॉर्ममधील थेट प्रश्नांमुळे, जसे की ‘दहावी, बारावी आणि पदवीत सलग ६० टक्के आहेत का?’ रेझ्युमेचा धोका वेगळा असतो : तो बाद होण्यापेक्षा सापडतच नाही.

न सापडण्याची कारणे साधी असतात. रेझ्युमे म्हणजे कागदाचा काढलेला फोटो असेल, तर त्यातला मजकूर सॉफ्टवेअरला वाचता येईलच याची खात्री नसते. दोन रकान्यांचे रंगीत टेम्पलेट, कौशल्यांपुढे चांदण्या किंवा टक्क्यांच्या पट्ट्या, मोबाइल क्रमांक पानाच्या हेडरमध्ये, अशा रचनांत मजकूर उलटसुलट उचलला जाऊ शकतो. याची तपासणी मोबाइलवरही करता येते. पीडीएफमधील सगळा मजकूर कॉपी करून नोट्समध्ये पेस्ट करावा. ओळी क्रमाने आल्या तर रेझ्युमे ठीक आहे. नाव शेवटी आणि पदवी मधेच कुठेतरी आली, तर सॉफ्टवेअरलाही ते तसेच दिसण्याची शक्यता मोठी.

यानंतर माणसाची पाळी येते, आणि त्याच्याकडे वेळ कमी असतो. ‘द लॅडर्स’ या अमेरिकी नोकरी संकेतस्थळाने भरती करणाऱ्यांच्या नजरेचा माग काढणारी पाहणी केली होती. पहिल्या चाळणीत एका रेझ्युमेवर नजर सरासरी किती काळ टिकते? २०१२ मध्ये उत्तर होते सुमारे सहा सेकंद, २०१८ मध्ये ७.४ सेकंद. पाहणी लहान आणि अमेरिकेतली होती, त्यामुळे आकडा जसाच्या तसा भारताला लावता येणार नाही. पण पहिल्या फेरीत रेझ्युमे वाचला जात नाही, चाळला जातो, हे यातून कळते.

मग सर्वांत वर काय असावे?

समोरच्याला ज्याची गरज आहे ते. याचे प्रसिद्ध उदाहरण लिओनार्दो द विंचीचे आहे. सुमारे १४८२ मध्ये त्याने मिलानचा सत्ताधीश लुडोव्हिको स्फोर्झा याला उद्देशून कामासाठी एक पत्र तयार केले. जगातील पहिला रेझ्युमे असा त्याचा उल्लेख अनेकदा होतो. त्या पत्रात त्याने हलके पूल, वेढा फोडण्याची साधने, तोफा, चिलखती गाड्या यांची क्रमवार यादी दिली. चित्रकला येते ती अगदी शेवटी. स्फोर्झाला युद्धासाठी अभियंता हवा होता, हे ओळखून लिओनार्दोने क्रम लावला होता.

आजच्या रेझ्युमेत ही जागा ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’ खाऊन टाकते. ‘माझ्या ज्ञानाचा उपयोग करून संस्थेच्या आणि स्वतःच्या प्रगतीस हातभार लावण्याची संधी मिळवणे’ या अर्थाचे वाक्य लाखो रेझ्युमेंत सापडेल. त्यातून उमेदवार वेल्डिंग करतो की जावा प्रोग्रॅमिंग, हेही कळत नाही. त्याऐवजी दोन ओळींचा परिचय पुरेसा असतो. उदाहरणार्थ : ‘मेकॅनिकल डिप्लोमा, २०२४. सीएनसी टर्निंग आणि इन्स्पेक्शनचा ११ महिन्यांचा प्रशिक्षणार्थी अनुभव. क्वालिटी विभागात कामाच्या शोधात, तिन्ही शिफ्टची तयारी.’

त्याखालील क्रम अनुभवानुसार ठरतो. अनुभवी उमेदवाराचे अलीकडचे काम आधी आणि शिक्षण नंतर. फ्रेशरचे शिक्षण, त्यापाठोपाठ प्रोजेक्ट आणि इंटर्नशिप. फ्रेशरला एक पान पुरते. आठ-दहा वर्षांच्या अनुभवालाही सहसा दोन पानांहून जास्त लागत नाहीत. जाहिरातीतील शब्द स्वतःच्या अनुभवाशी खरोखर जुळत असतील, तर तेच शब्द वापरावेत. जाहिरातीत ‘ऑटोकॅड’ असेल आणि रेझ्युमेत ‘ड्राफ्टिंग सॉफ्टवेअर’ एवढेच लिहिले असेल, तर शोधात तो रेझ्युमे येणार नाही.

केलेले काम कसे लिहायचे?

रेझ्युमेचा खरा कस इथे लागतो. बहुतेक उमेदवार जबाबदाऱ्या लिहितात, म्हणजे त्या पदावरील कोणीही जे करतो ते. निवड करणाऱ्याला जाणून घ्यायचे असते, ते या व्यक्तीने काय केले आणि त्यामुळे काय बदलले. गुगलचे मनुष्यबळ विभागाचे माजी प्रमुख लॅझलो बॉक यांनी सुचवलेले सूत्र याच दिशेने जाते : काय साध्य केले, ते कशाने मोजले आणि ते कसे केले, या तिन्ही गोष्टी एका ओळीत याव्यात.

खालील तीन उदाहरणे काल्पनिक आहेत. रेझ्युमे इंग्रजीत असेल, तर याच गोष्टी सोप्या इंग्रजीत जातील.

पहिले उदाहरण कारखान्यातील प्रशिक्षणार्थीचे.
आधी : ‘क्वालिटी विभागात काम केले. विविध जबाबदाऱ्या सांभाळल्या.’
नंतर : ‘सहा महिने इनकमिंग इन्स्पेक्शन. रोज सुमारे १२० ब्रॅकेटची व्हर्निअर आणि मायक्रोमीटरने तपासणी. एका पुरवठादाराच्या मालात भोकाचा व्यास सतत जास्त येतो, हे नोंदींवरून दाखवून दिले. त्याने ड्रिल बदलल्यावर त्या भागाचे रिजेक्शन शंभरात ७ वरून २ वर आले.’

दुसरे कॉम्प्युटर अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीचे.
आधी : ‘मशीन लर्निंगवर आधारित शेतमाल भाव अंदाज प्रणाली.’
नंतर : ‘चौघींचा प्रोजेक्ट. लासलगाव बाजार समितीतील कांद्याचे तीन वर्षांचे रोजचे भाव ॲगमार्कनेट या सरकारी पोर्टलवरून घेतले. माझ्याकडे माहितीची सफाई आणि डेटाबेस. दोनदा आलेल्या आणि बाजार बंद असलेल्या दिवसांच्या नोंदी वेगळ्या काढणारा पायथन प्रोग्रॅम लिहिला. कोड गिटहबवर.’

तिसरे वाणिज्य पदवीधराचे.
आधी : ‘टॅली आणि जीएसटीचे उत्तम ज्ञान.’
नंतर : ‘कर सल्लागाराच्या कार्यालयात १४ महिने. १८ दुकानदारांची खरेदी-विक्रीची बिले टॅलीत भरणे, दरमहा बँक रिकन्सिलिएशन, जीएसटीआर-१ आणि जीएसटीआर-३बी यांचा कच्चा मसुदा तयार करणे. या काळात एकही विवरणपत्र मुदतीनंतर गेले नाही.’

दुसऱ्या उदाहरणात अंदाज किती टक्के अचूक आला, याचा दावा नाही. तरीही ते आधीच्या ओळीपेक्षा वजनदार आहे. चौघींपैकी हिने काय केले ते त्यात स्पष्ट आहे आणि मुलाखतीत कोणता प्रश्न येईल हेही तिनेच ठरवून टाकले आहे. ‘बाजार बंद असलेले दिवस कसे ओळखले?’ असे विचारले, तर तिच्याकडे उत्तर असेल. पहिल्या ओळीवर प्रश्न आला असता तो मशीन लर्निंगच्या सिद्धांतावर, आणि तो भाग कदाचित मैत्रिणीने केलेला असता.

प्रत्येक कामाला आकडा सापडतोच असे नाही. अशा वेळी स्वतःला साधे प्रश्न विचारावेत. किती जणांसाठी केले? किती वेळा? आधी काय अडचण होती, नंतर काय झाले? आपण नसतो तर ते काम कोणी केले असते? याची उत्तरे लिहिताना ‘मेहनती’, ‘टीम प्लेयर’, ‘नेतृत्वगुण’ ही विशेषणे आपोआप गळतात.

अनुभवच नसेल तर?

फ्रेशर स्वतःला रिकामा समजतो, पण अनेकदा तो रिकामा नसतो. आपण करतो ते रेझ्युमेत लिहिण्याजोगे आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. घरच्या दूध संकलन केंद्रावर रोज पहाटे चाळीस शेतकऱ्यांच्या दुधाची फॅट आणि एसएनएफ मोजणारा, दर दहा दिवसांनी त्यांचा हिशेब चुकता करणारा मुलगा यंत्र हाताळतो, नोंदी ठेवतो, पैशांचा व्यवहार सांभाळतो आणि वाद झाला तर मिटवतोही. रेझ्युमेत मात्र तो ‘छंद : प्रवास’ लिहितो.

‘कमवा आणि शिका’ योजनेतील विद्यार्थ्यांचेही तसेच. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेने महाराष्ट्रात ही परंपरा रुजवली. ग्रंथालयात, प्रयोगशाळेत किंवा महाविद्यालयाच्या बागेत काम करून शिकलेले अनेकजण ही गोष्ट संकोचाने दडवतात. शिक्षण सुरू असताना दोन वर्षे रोज ठरलेले तास काम केले, यातून वेळेचे भान आणि सातत्य दिसते; ‘पंक्चुअल’ असे लिहून ते दिसत नाही. गणेश मंडळाचा जमाखर्च, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरातील एखादे ठोस काम, शिकवण्या, दुकानात मदत, यापैकी अर्ज केलेल्या कामाशी जे जुळते ते लिहावे. सगळेच लिहू नये.

भाषेचा मुद्दाही इथेच येतो. इंग्रजी कच्चे आहे म्हणून जड इंग्रजी वाक्ये उसनी घेण्याची गरज नाही. छोटी, बरोबर वाक्ये पुरतात. उसन्या वाक्यांमुळे मुलाखतीत अडचण वाढते, कारण कागदावरची भाषा आणि तोंडातली भाषा जुळत नाही. विमा, बँकांचे ग्रामीण कर्जवाटप, बियाणे-खते यांसारख्या क्षेत्रांत ग्राहकाशी उत्तम मराठीत बोलता येणे हेच कौशल्य आहे. ‘भाषा’ या रकान्यात मराठी शेवटी ढकलण्यापेक्षा कोणती भाषा बोलता येते, कोणती लिहिताही येते, हे नीट नोंदवावे.

गुण, सीजीपीए आणि बॅकलॉगचे काय?

जे मागितले आहे ते खरे लिहावे. सीजीपीए लिहिताना तो कितीपैकी आहे ते द्यावे, म्हणजे ‘७.४/१०’. टक्केवारी मागितली असेल, तर स्वतःच्या विद्यापीठाने दिलेल्या नियमानेच ती काढावी. विद्यापीठांचे नियम वेगवेगळे असतात. कंपनीने चालू बॅकलॉगबद्दल विचारले असेल, तर तो लपवू नये. गुण कमी असतील आणि जाहिरातीत मागितलेले नसतील, तर ते न लिहिणे चुकीचे नाही. वाढवून लिहिणे चुकीचे आहे. दोन-तीन वर्षांचा अनुभव झाल्यावर दहावी-बारावीचे गुण काढून टाकले तरी चालतात.

स्पर्धा परीक्षेत गेलेली वर्षे कशी दाखवायची?

महाराष्ट्रातील हजारो पदवीधरांचा हा प्रश्न आहे. पुण्याच्या पेठांमधील किंवा जिल्ह्याच्या ठिकाणच्या अभ्यासिकेत एमपीएससीची तीन-चार वर्षे तयारी करायची, निवड थोडक्यात हुकते आणि खासगी नोकरीचा विचार सुरू होतो. रेझ्युमेत तेव्हा पदवी २०२० ची आणि पुढे काहीच नाही. हे रिकामे अंतर भरण्यासाठी काहीजण ओळखीच्या कंपनीचे अनुभवपत्र मिळवतात. सर्वांत मोठी चूक इथे होते.

खरी नोंद एका ओळीत करता येते. ‘२०२१ ते २०२४ : राज्यसेवा परीक्षेची पूर्णवेळ तयारी. दोनदा पूर्व परीक्षा उत्तीर्ण, एकदा मुख्य परीक्षेनंतर मुलाखतीपर्यंत.’ पूर्व, मुख्य आणि मुलाखत हे टप्पे किती कठीण असतात, हे महाराष्ट्रात भरती करणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. त्याच्या मनातील शंका वेगळी असते : हा उमेदवार पुन्हा जाहिरात निघाली की निघून जाईल का? आणि मधल्या काळात मूळ विषय विसरला आहे का? पहिल्या शंकेचे प्रामाणिक उत्तर मुलाखतीसाठी तयार ठेवावे. दुसऱ्या शंकेसाठी अलीकडे केलेला एखादा अभ्यासक्रम, प्रोजेक्ट किंवा छोटे काम रेझ्युमेत असावे.

बाळंतपण, मुलांचे संगोपन, घरातील आजारपण यांमुळे पडलेल्या खंडालाही हेच लागू पडते. लिंक्डइनने २०२२ मध्ये प्रोफाइलवर ‘करिअर ब्रेक’ नोंदवण्याची सोय दिली. खंड लपवण्याची गरज कमी होत चालल्याचे ते लक्षण आहे. कारणाचा तपशील देण्याची सक्ती नाही. वर्ष आणि एक ओळ पुरेशी असते.

कोणती माहिती देऊ नये?

धर्म, जात, वैवाहिक स्थिती, वडिलांचा व्यवसाय, आधार आणि पॅन क्रमांक, बँक खाते, घराचा पूर्ण पत्ता. शहराचे नाव, मोबाइल क्रमांक आणि साधा ईमेल एवढे संपर्कासाठी पुरे. हवाई सेवा किंवा अभिनय यांसारख्या क्षेत्रांत फोटो मागतात. इतरत्र मागितला नसेल तर तो देण्याची गरज नाही.

जात-धर्म न लिहिण्याचे कारण केवळ जागेची बचत हे नाही. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकी समाजशास्त्रज्ञ पॉल ॲटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना समान पात्रतेचे, पण वेगवेगळ्या नावांचे अर्ज पाठवून पाहिले. ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’मध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात उच्चवर्णीय हिंदू आडनावांच्या तुलनेत दलित आडनावांच्या आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना पुढील फेरीचे बोलावणे येण्याची शक्यता लक्षणीय कमी आढळली. नाव आणि आडनाव तर रेझ्युमेत असतेच. म्हणजे हा दोष उमेदवाराच्या रेझ्युमेतला नाही आणि कितीही चांगला रेझ्युमे लिहून तो पूर्णपणे दूर होणार नाही. तो दूर करण्याची जबाबदारी भरती करणाऱ्यांची आहे. पहिल्या चाळणीत नाव झाकून रेझ्युमे वाचणे हा त्यावरचा एक उपाय असून तो कोणत्याही कंपनीला करता येण्याजोगा आहे.

आधार आणि पॅन क्रमांक न देण्याचे कारण सुरक्षिततेचे. पोर्टलवर चढवलेला रेझ्युमे अनोळखी लोकांपर्यंत पोहोचतो. त्यातून मोबाइल क्रमांक मिळवून ‘निवड झाली आहे, नोंदणी शुल्क भरा’ असे फोन येतात. नोकरी देण्यासाठी पैसे मागणारा कोणीही असो, व्यवहार तिथेच थांबवावा. केंद्र सरकारचे नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल आणि राज्य सरकारचे महास्वयम् पोर्टल यांवर नोंदणीसाठी उमेदवाराला पैसे द्यावे लागत नाहीत. ओळखपत्र खरेच लागणार असेल, तर ते निवडीनंतर मागितले जाते.

थोडे वाढवून लिहिले तर काय बिघडते?

पकडले जाण्याचे मार्ग आता अनेक आहेत. पीएफचा यूएएन क्रमांक नोकरी बदलली तरी एकच राहतो आणि त्याखाली कोणत्या कंपनीत कधी रुजू झाले, कधी सोडले, याची नोंद असते. गुणपत्रिका डिजिलॉकरवर पडताळता येतात. अनेक कंपन्या हे काम पडताळणी करणाऱ्या संस्थांकडे देतात आणि अहवाल यायला कधी कधी काही आठवडे लागतात. त्यामुळे खोटा अनुभव उघड होतो तो बऱ्याचदा रुजू झाल्यानंतर. तोवर जुनी नोकरी सुटलेली असते, घर बदललेले असते. नोकरी जाते ती जातेच, शिवाय बनावट अनुभवपत्र वापरणे हा गुन्हाही ठरू शकतो.

कौशल्यांच्या यादीतही हाच धोका आहे. एका कार्यशाळेत दोन तास पाहिलेले सॉफ्टवेअर ‘कौशल्ये’ या मथळ्याखाली लिहिले, तर मुलाखतीतील पहिला प्रश्न त्यावरच येऊ शकतो. ‘रोज वापरलेले’ आणि ‘प्राथमिक ओळख’ असे दोन गट केले, तर यादी खरी राहते आणि लहानही दिसत नाही.

एआयकडून रेझ्युमे लिहून घ्यावा का?

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून उसना साचा व्हॉट्सॲपऐवजी एआयकडून येऊ लागला आहे. व्याकरण तपासणे, लांब वाक्य छोटे करणे, जाहिरातीतील कोणता मुद्दा राहून गेला ते पाहणे, यासाठी ही साधने उत्तम आहेत. पण ‘मेकॅनिकल फ्रेशरचा रेझ्युमे लिहून दे’ म्हटले, की तेच गुळगुळीत शब्द येतात आणि कधी कधी न केलेली कामेही. चाकणच्या कारखान्यात कोणत्या भागाचे रिजेक्शन होत होते, हे एआयला माहीत नाही. ते आधी उमेदवाराने स्वतः लिहून काढावे, मगच भाषा सुधारून घ्यावी.

जाहिरातीतील शब्द पांढऱ्या अक्षरांत लपवण्याची एक युक्तीही रील्समधून फिरते. सॉफ्टवेअर मजकूर उचलते तेव्हा ही पांढरी अक्षरे काळी होऊन भरती करणाऱ्यासमोर येऊ शकतात. मग उमेदवाराबद्दल जे मत बनते ते बदलणे अवघड असते.

पाठवताना काय पाहावे?

- फाइलच्या नावात स्वतःचे नाव आणि पद असावे. ‘रेझ्युमे फायनल न्यू २’ या नावाची फाइल डाउनलोड झाल्यावर हरवते.
- वेगळी सूचना नसेल, तर पीडीएफ पाठवावी.
- ईमेलच्या विषयात पदाचे नाव आणि दिला असल्यास जाहिरातीचा क्रमांक लिहावा. मजकूर चार-पाच ओळींचा असावा. रिकामा ईमेल पाठवू नये.
- मोबाइल क्रमांक आणि दिलेल्या लिंक स्वतः तपासाव्यात. गिटहबची लिंक उघडतच नसेल, तर ती न दिलेली बरी.
- ज्या नोकरीसाठी अर्ज आहे, त्यानुसार परिचय आणि कामांचा क्रम बदलावा. संपूर्ण रेझ्युमे नव्याने लिहिण्याची गरज नसते.

जबाबदारी फक्त उमेदवाराची आहे का?

नाही. अनेक महाविद्यालये सर्व विद्यार्थ्यांना एकच फॉरमॅट सक्तीने भरायला लावतात आणि मग ‘आमच्या मुलांची छाप पडत नाही’ अशी खंत व्यक्त करतात. अंतिम वर्षाचा प्रोजेक्ट विकत मिळतो, हे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांनाही ठाऊक असते. विकतच्या प्रोजेक्टवर सांगण्यासारखी ओळ लिहिता येत नाही. त्यामुळे रेझ्युमेची तयारी प्लेसमेंटच्या आठवड्यात होत नाही. ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून, केलेल्या कामाची महिन्याला चार ओळी नोंद ठेवण्यापासून सुरू व्हायला हवी. ती सवय लावणे हे महाविद्यालयांचे काम आहे.

कंपन्यांनीही स्वतःकडे पाहायला हवे. कनिष्ठ पदासाठी दोन वर्षांचा अनुभव मागायचा, पगार जाहीर करायचा नाही आणि आलेल्या अर्जाला नकाराचेही उत्तर द्यायचे नाही, हे सर्रास चालते. नकार कळला तर उमेदवार पुढची वाट धरू शकतो. उत्तरच आले नाही, तर दोष रेझ्युमेत होता, गुणांत होता की जागाच भरली होती, हे त्याला कधीच कळत नाही.

रेझ्युमे नोकरी मिळवून देत नाही, तो मुलाखतीपर्यंत नेतो. तेवढे काम तो करेल का, हे पाहण्याची चाचणी सोपी आहे. वेगळ्या शाखेत शिकलेल्या एखाद्या ओळखीच्या व्यक्तीला तो मोबाइलवर दहा सेकंद दाखवावा आणि परत घेऊन विचारावे, ‘हा माणूस कोणते काम करू शकतो?’ उत्तर बरोबर आले तर रेझ्युमे पाठवायला हरकत नाही. ‘हुशार वाटतो’ एवढेच उत्तर आले, तर अजून लिहायचे बाकी आहे.